उपाशी बॅटरी

चष्मेवाल्या जावयाला सासूबाईंबरोबर एकटं राहायची सवय नव्हती. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती, पण एवढ्या काळात दोघंच एका खोलीत बसल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे, आणि त्यातही कुणीतरी एक जण चहा टाकायच्या निमित्ताने उठलेलाच. भांडण नव्हतं, रुसवाफुगवा नव्हता. सासूबाई त्याला 'अहो' म्हणत, 'तुम्ही' म्हणत, जेवताना पहिलं ताट त्याच्यापुढे सरकवत. तो त्यांना 'आई' म्हणे आणि त्या म्हणतील त्याला मान डोलावे. काचेचं कपाट दोन टोकांना धरून जिना उतरणारी माणसं जितकं बोलतात, तितकंच त्यांचं बोलणं.

त्याचं चष्म्याचं छोटं दुकान होतं. काचा घासणं, फ्रेम बसवणं, तिळाएवढे स्क्रू फिरवणं यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि सासूबाईंच्या नाकावरचा चष्मा पहिल्या भेटीपासून डावीकडे झुकलेला होता. तो त्याला दर वेळी दिसे. दर वेळी हात शिवशिवत. पण चष्मा घेतलेला दुसऱ्याच दुकानातून. जावई चष्म्याचा आणि सासूचा चष्मा भलत्याच्याच हातचा! यावर बायको खो खो हसायची. तो मात्र तोंडातून ब्र काढत नसे. सासूबाईंनी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून केली होती. भले भले सर्जन त्यांच्या भुवईकडे बघून हात धुवायचे म्हणे. तिथे याची काय कथा?

तर अशा या दोघांवर एका फिरत्या घरातून प्रवास करायची वेळ आली ती बायकोच्या पायामुळे. बेत सगळा तिचाच होता. सासूबाईंची एक शाळेपासूनची मैत्रीण होती. तोंडाला खळ नाही म्हणून लहानपणीच तिचं नाव 'टिटवी' पडलेलं, ते म्हातारपणापर्यंत टिकलं. टिटवीचा नवरा दीपगृहाचा रखवालदार होता. तो गेला, दीपगृह आपोआप चालायला लागलं, तरी टिटवी समुद्रात घुसलेल्या त्या कड्यावरच्या घरातून हलली नाही. आता तिचे खुबे इतके दुखत की प्रवास तिला जमेना. आणि सासूबाईंना झोपेत श्वास अडकायचा आजार जडलेला. रात्री नाकावर मुखवटा चढवून हवा देणारं यंत्र लावल्याशिवाय डॉक्टर त्यांना झोपू देत नसत. टिटवीच्या घरी वीज अशी नाहीच. वादळात तारा तुटल्या त्या कुणी पुन्हा ओढल्या नाहीत. संध्याकाळी घटकाभर जनरेटर लावायचा, बाकी मेणबत्त्या. तेव्हा एकीला येता येईना, दुसरीला राहता येईना. दर रविवारी फोनवर बोलायच्या, झालं.

बायकोने त्यावर तोडगा काढला. घरात एक जुनं मोटरहोम होतं. हौसेने घेतलेलं, मुलांनी त्याचं नाव 'गोगलगाय' ठेवलेलं. झोपायचे बाक, छोटी शेगडी, बेसिन आणि पोटात एक जाडजूड बॅटरी. इंजिनाची बॅटरी वेगळी. ही फक्त घरची. दिवे, पाण्याचा पंप, सासूबाईंचं यंत्र, सगळं तिच्यावर. ती पूर्ण भरली की वीज नसलेल्या जागीही यंत्र दोन रात्री आरामात चालणार. फक्त गाडी चालताना ती भरत नसे. विकणाऱ्यानेच तसं सांगितलं होतं. मुक्कामी विजेच्या खांबाला केबल जोडायची, की भरते. आईला मी घेऊन जाते, तू दुकान सांभाळ, असं बायको म्हणाली, आणि निघायच्या आदल्या दिवशी जिन्यावरून तिचा पाय मुरगळला.

"मग तू जा," ती पाय उशीवर ठेवून म्हणाली.

"मी? आणि आई?"

"वाघीण नाही ती."

"वाघिणीशी निदान बोलावं तरी लागत नाही."

पण गेला. न जाऊन सांगतो कुणाला?

पहिला दिवस बरा गेला. सासूबाई पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या, आणि तो जन्मात पहिल्यांदाच वेगमर्यादेच्याही खाली गाडी हाकत होता. रात्री एका गाडीतळावर मुक्काम केला, खांबाला केबल जोडली, यंत्र लागलं, झोपले. दुसऱ्या दिवशी रस्ता खराब लागला. खड्ड्यांतून गोगलगाय अशी हेलकावे खात गेली की कपाटातले कप दारं ठोठावत होते. दुपारी ते शेवटच्या गाडीतळावर पोहोचले. इथे एक रात्र, आणि सकाळी उठून कड्यावरचं टिटवीचं घर.

त्याने खांबाला केबल लावली, आत आला आणि पंपाचा नळ सोडला. पाणी नेहमीसारखं उसळलं नाही. म्हाताऱ्या माणसाने घसा खाकरावा तसं थांबत थांबत आलं. दिवा लावला तर तो पिवळट. दाराच्या वर एक छोटा फलक होता, त्यावर बॅटरीचा आकडा दिसे. त्याच्या शेजारी लाल ठिपका लुकलुकत होता.

तो तिथेच मान वर करून उभा राहिला.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. माणसाच्या पाठीवरून त्यांना काहीतरी बिघडल्याचं कळत असे.

"काही नाही, आई. बॅटरी जरा... उतरलीय. आता केबल लावलीय, चढेल."

त्याने किटली भिंतीतल्या प्लगला लावली. पाणी खळखळून उकळलं. म्हणजे खांबाची वीज आत येत होती. दोघांनी चहा घेतला. चहा संपला तरी लाल ठिपका तसाच, आणि आकडा चढायच्या ऐवजी केसभर खालीच आलेला. काल रात्रीही केबल लावलेली होती. म्हणजे यंत्र रात्रभर चाललं ते बॅटरीतला साठा खात खात, आणि परत काहीच भरलं नव्हतं.

तो बाहेर गेला. खांबावरचा दुसरा सॉकेट लावून पाहिला. केबलचे वेढे पूर्ण उलगडले. गाडीतला मुख्य खटका पाडून पुन्हा उचलला. ठिपका ढिम्म. मग त्याने बायकोला फोन लावला.

"बंद करून चालू केलंस?"

"केलं."

"पुन्हा कर."

"अगं, तू तिकडे उशीवर पाय ठेवून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. मेकॅनिक कुठे मिळेल ते बघ."

तिने बघितलं. तो सुट्टीचा दिवस होता; आसपासच्या सगळ्या गॅरेजांचे फोन वाजून वाजून थांबले. गाडीतळ सांभाळणाऱ्या बाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. त्या म्हणाल्या, वायरमन परवा येतो, आणि आला तरी खांबापर्यंतच बघतो, गाडीच्या आत हात घालत नाही. पण त्यांच्याकडे एक मल्टिमीटर पडून होता, तो हवा तर घेऊन जा. व्होल्ट मोजायचा तो पिवळा डबा आणि त्याच्या लाल-काळ्या सुया घेऊन तो परत आला तेव्हा सासूबाई बाकावर बसून आपली बॅग भरत होत्या.

"आई, हे काय?"

"मी विचार केला," त्या बॅगेकडे बघतच म्हणाल्या. "आजची रात्र इथे भिंतीच्या प्लगवर यंत्र चालेल. उद्या सकाळी परत जाऊ. तिला मी फोन करून सांगते. त्यात काय, फोनवर बोलतोच की आम्ही."

आवाज एकदम सरळ होता. पण बॅगेत ठेवायची वस्तू त्यांच्या हातात तशीच राहिली होती. टिटवीसाठी विणलेली लोकरीची शाल होती ती, राखाडी, काठाला लाल. त्या ती घडी मोडून पुन्हा घालत होत्या. पुन्हा मोडत होत्या.

इतकी वर्षं तो या बाईंच्या चष्म्याकडे बघत आला होता. चष्म्याच्या मागे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांना जायचं होतं. लहान पोरीसारखं, आत्ताच्या आत्ता जायचं होतं.

"परत जायचं नंतर बघू," तो म्हणाला, आणि आपण सासूबाईंना नाही म्हणालो याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "आधी हे काय दुखणं आहे ते तरी बघू. तुम्ही जरा बॅटरी धरता का? म्हणजे हातातली, उजेडाची."

सासूबाईंनी शाल बाकावर ठेवली आणि बाह्या वर केल्या.

चार्जर कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी होता. खांबाची वीज घेऊन ती बॅटरीला पचेल अशी करून देणारी पेटी. त्याने चपला, छत्री बाजूला काढून डोकं आत घातलं. पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला होता.

"चार्जर चालू आहे," तो आतून म्हणाला. "म्हणजे बॅटरीच मेली असणार. संपलं."

"हात लावून बघा."

"कशाला?"

"लावा तर खरं. गरम आहे का?"

त्याने लावला. "गार आहे."

"काम करणारा गार कसा राहील?" सासूबाई म्हणाल्या. "दिवा लागलाय म्हणजे जागा आहे, एवढंच. राबत नाहीये."

तो कपाटातून बाहेर आला. बॅटरी पुढच्या सीटखाली होती. दोघांनी मिळून सीट उचलून बाजूला केली. त्याने मल्टिमीटरच्या सुया बॅटरीच्या दोन टोकांवर टेकवल्या. आकडा बाराच्या जरा खाली. चार्जर जोडलेला असताना तो चौदाच्या घरात हवा होता. एवढं त्याला विकणाऱ्याने समजावलेलं आठवत होतं.

"आता त्या पेटीपाशी मोजा," सासूबाई म्हणाल्या. "जिथून निघतं तिथे किती आहे, ते कळू दे."

तो पुन्हा कपाटात शिरला. पेटीतून बाहेर पडणाऱ्या तारांवर सुया टेकवल्या आणि डोळे विस्फारून आकड्याकडे बघत राहिला.

"चौदा!"

"आणि तिथे बारा."

"म्हणजे निघतंय बरोबर, पण पोहोचत नाही."

"मग मध्ये कुठेतरी अडलंय. मांडीत नाडी लागते आणि पावलात लागत नाही, म्हणजे गाठ मध्येच असते. एकेक टप्प्याला नाडी बघत या."

ते दोघं गुडघ्यांवर बसून तारेच्या मागे लागले. सासूबाई उजेड धरत होत्या, आणि तो उजेड नेमका जिथे हवा तिथे, त्याने मान वळवायच्या आधी पोहोचत होता. थिएटरमधली सवय. तार बाकाच्या खालून, पाण्याच्या टाकीच्या पाठीमागून, सतरंजीच्या कडेने पुढे सीटखाली येत होती. तिथे बॅटरीच्या अलीकडे एक काळं झाकण होतं. उघडलं तर आत निळसर रंगाचा एक फ्यूज.

त्याने तो जागेवरच वाकून पाहिला. पारदर्शक प्लास्टिक, आत चमकती पट्टी, अखंड. "फ्यूज चांगला दिसतोय," तो म्हणाला आणि झाकण लावायला लागला.

"दिसतोय म्हणजे?"

"म्हणजे... चांगला दिसतोय."

"दिसण्यावर आम्ही कुणाला घरी सोडत नव्हतो."

तो मल्टिमीटर उचलायला वळला. पण आधी फ्यूजच्या वाटेत आलेली बॅटरीची तार जरा बाजूला करावी म्हणून त्याने पाना घेतला. नट ढिला करायचा एवढंच. बॅटरीच्या लाल टोकावर त्याने पाना टेकवला, आणि पान्याचं दुसरं टोक सीटच्या लोखंडी चौकटीकडे झुकायला लागलं.

"हात काढ!"

असा आवाज त्या गोगलगायीत आजवर कुणी काढला नसेल. त्याचा हात जळल्यासारखा मागे आला. पाना सतरंजीवर पडला.  पान्यातून लाल टोक आणि चौकट जोडली गेली असती तर केवढी ठिणगी उडाली असती हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं, आणि त्याचे कान तापले.

"अहो, म्हणजे..." सासूबाई गडबडल्या. त्याने त्यांना गडबडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुम्हाला लागलं असतं म्हणून... तोंडातून गेलं."

"राहू द्या, आई," तो म्हणाला. "बरं वाटलं."

"काय बरं वाटलं? ओरडले ते?"

"ओरडलात ते नाही. 'काढ' म्हणालात ते."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग उजेड पुन्हा फ्यूजवर धरला. "आधी खांबाची केबल काढून ये," त्या म्हणाल्या. "मग सांगते ती तार सोडव, काळी आधी, लाल नंतर. आणि मोजताना परत जोडू. चालू पेशंटला हात घालायचा तर सगळं क्रमाने."

तो केबल काढून आला, आधी काळी मग लाल तार सोडवून वाटेतून नीट बाजूला वळवली, पुन्हा जोडली आणि केबल लावून आला. फ्यूजच्या अलीकडे सुई टेकवली: चौदा. पलीकडे: बारा. तो हसायलाच लागला. इतका वेळ ज्याच्या मागे धावले ते समोर, काळ्या झाकणाखाली बसलेलं होतं, काखेत कळसा नि गावाला वळसा.

वीज पुन्हा बंद करून त्याने फ्यूज उपसला. खिशातून दुकानातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. ते त्याच्या खिशात असायचंच, जसं कुणाच्या खिशात कंगवा असतो. पट्टी जिथे प्लास्टिकच्या आत शिरत होती, अगदी त्या कोपऱ्यात, केसासारखी एक भेग होती. नुसत्या डोळ्याला ती दिसणंच शक्य नव्हतं. ज्या खाचेत फ्यूज बसतो तिचं एक पातं सैल झालेलं, आजूबाजूचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. सैल जागी तापत राहिला असणार, आणि कालच्या प्रवासाच्या धक्क्यांनी उरलंसुरलं काम केलं.

"बघा," त्याने भिंग पुढे केलं. सासूबाईंनी आपला चष्मा वर सरकवून बघितलं आणि "हं," म्हणाल्या. त्यांच्या 'हं'मध्ये बरंच काही होतं.

आता प्रश्न दुसऱ्या फ्यूजचा. गाडीतला जास्तीचा डबा उघडला तर त्यात सगळे छोटे छोटे. तळवाल्या बाईंकडे विचारून आला. त्यांच्याकडे होते ते घराच्या मीटरचे. दुकानं बंद. तो दारात उभा राहून डोकं खाजवायला लागला.

"तात्पुरती एक तार गुंडाळतो," तो म्हणाला. "नुसती जोडून टाकायची. चालून जाईल."

"आणि काही झालं तर वितळायचं कुणी? मी?" सासूबाई म्हणाल्या. "फ्यूज असतो कशासाठी? रात्रभर मी त्याच्याजवळ नाकाला नळी लावून झोपणार आहे."

 मग त्याने फ्यूजचा मुख्य डबा उघडून एकेकाचा आकडा वाचायला सुरुवात केली. दिव्यांचा लहान. पंपाचा लहान. शेवटून दुसरा मात्र अगदी तोच, तोच आकडा, तोच निळसर रंग. त्याने झाकणावरचं चित्र बघितलं आणि हिरमुसला.

"मिळाला होता. पण उपयोग नाही. पायरीचा आहे."

दार उघडलं की गाडीच्या पोटातून आपोआप बाहेर येणारी विजेची पायरी होती ती. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम बसवून घेतलेली. तिच्याविना उतरायचं म्हणजे जवळजवळ उडीच.

"काढ तो," सासूबाई म्हणाल्या.

"पण आई, तुमचे गुडघे..."

"पायरीवाचून माणसाचं अडत नाही रे. श्वासावाचून अडतं." त्या थांबल्या. हातातला उजेड त्यांनी उगाचच विझवला आणि पुन्हा लावला. "तुला सांगते, मला भीती वाटते. सगळ्यांना वाटतं, हिला आपली गादी सोडवत नाही म्हणून ही कुठे जात नाही. गादीचं काय घेऊन बसलात! झोपले आणि उठलेच नाही तर, असं होतं मला. लोकांना भूल देताना मी त्यांचा हात धरून 'काही होत नाही' म्हणायचे. स्वतःला म्हणता येत नाही ते."

  त्याने खिशातून चष्म्याच्या फ्रेमा सरळ करायचा बारीक चिमटा काढला आणि सैल झालेलं पातं हळूहळू आत दाबलं, घासलं, पुसलं, पुन्हा दाबलं. मग पायरीचा फ्यूज तिथे बसवला. तो इतका घट्ट बसला की टक् असा आवाज आला. ओढून पाहिला, हलेना.

"आता जा," सासूबाई म्हणाल्या.

तो खांबाकडे गेला. केबल लावली. परत येताना त्याने मुद्दाम घाई केली नाही, कारण गाडीत जाऊन तो लाल ठिपका तसाच बघायची त्याची हिंमत होत नव्हती. कोंबड्या वाटेत आल्या, त्याने त्यांना आधी जाऊ दिलं.

तो दारापाशी आला तेव्हा आतून घुर्रर्र असा बारीक आवाज येत होता. चार्जरमधला पंखा. काल रात्री आणि आज इतका वेळ हा आवाज नव्हताच, हे त्याला तो ऐकल्यावर कळलं. सासूबाई कपाटापुढे जमिनीवर बसल्या होत्या, तळहात पेटीवर टेकवून, जसा एखाद्याच्या कपाळावर ठेवतात.

"गरम होतंय," त्या म्हणाल्या.

त्याने वर बघितलं. तेरा. तेराच्या पुढे थोडं. मग आणखी थोडं. आणि लाल ठिपका विझला. काही वाजलं नाही, काही लुकलुकलं नाही. आत्ता होता, आता नाही.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते त्याला त्या दिवशी कळलं. तो होता तिथेच, दारात, पायरी नसलेल्या त्या उंबऱ्यावर बसला. हसू येत होतं. मागे वळून बघितलं तर सासूबाई पाठ फिरवून चष्मा पुसत होत्या. पुसत होत्या, पुसत होत्या. काच कधीच स्वच्छ झालेली.

"द्या इकडे," तो म्हणाला.

"काय?"

"चष्मा. सहा वर्षं डावीकडे कललाय तो."

"आणि तू सहा वर्षं गप्प बसलास?"

"तुम्ही दुसऱ्या दुकानातून घेतला होतात."

"अरे, तुझ्याकडे आले असते तर तू पैसे घेतले नसतेस. मग मला नीट तक्रार कशी करता आली असती?" सासूबाई म्हणाल्या, आणि दोघं एकदमच हसले. असे की कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या बाईंनी मान वर करून बघितलं. त्याने चष्म्याची काडी चिमट्यात धरून अलगद वाकवली, सासूबाईंच्या नाकावर बसवून बघितली, काढली, पुन्हा वाकवली. संध्याकाळचं ऊन दारातून आत येत होतं. त्या तोंड पुढे करून बसल्या होत्या.

रात्री पाव आणि सूप खाताना त्याने बायकोला फोन केला.

"झाली दुरुस्त," तो म्हणाला.

"कुणी केली?"

"आईंनी."

"त्याने केली," समोरून सासूबाई ओरडल्या. "मी फक्त बॅटरी धरली होती."

"कोणती बॅटरी?" बायकोने विचारलं, पण तिला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती, दोघांची शेवटचा पाव कुणी घ्यायचा यावर हुज्जत चालली होती.

दुसऱ्या दिवशी निघताना आकडा भरपूर वर होता. त्याने तळवाल्या बाईंचा मल्टिमीटर परत केला आणि त्यांच्याकडून एक लाकडी खोकं उसनं मागून घेतलं. पायरीच्या जागी तेच. सासूबाई उतरायच्या तेव्हा खोक्यावर पाय, त्याच्या खांद्यावर हात.

कड्यावर वारा असा होता की गाडीचं दार उघडायलाच जोर लागला. टिटवी काठी टेकत वाटेच्या अर्ध्यापर्यंत आली होती आणि बोलायला तिने तिथूनच सुरुवात केली होती; काही ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलत होते. सासूबाई खोक्यावरून उतरल्या आणि त्यांनीही बोलायला सुरुवात केली. दोघी एकमेकींपर्यंत पोहोचल्या तरी एकीनेही थांबायचं नाव घेतलं नाही. शाल कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर टाकली. जावई खोकं हातात घेऊन उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

त्या रात्री टिटवीने ठरवलं, ती गाडीतच झोपणार, समोरच्या बाकावर. जावयाची रवानगी घरातल्या सोफ्यावर झाली. तो यंत्राची नळी नीट बसलीय ना, आकडा किती आहे, सगळं दोनदा बघून, दिवा मालवून गेला. पण झोप कसली? सकाळी उजाडताच तो गाडीपाशी आला. फलकावर बघतो तर बॅटरी जवळपास काल होती तेवढीच. उतरलीच नव्हती!  यंत्र चाललंच नाही की काय?

"आई! रात्री यंत्र बंद पडलं होतं?"

"लावायलाच मिळालं कुठे?" बाकावर शाल पांघरून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. डोळे लाल, चेहरा टवटवीत. "ही बोलायची थांबली तर ना. आत्ता उजाडता उजाडता डोळा मिटायला लागला, तेव्हा लावलं."

"मी?" टिटवी म्हणाली. "मी की तू?"

दुसऱ्या रात्री मात्र दोघी थकून लवकर आडव्या झाल्या. सकाळ झाली, ऊन चांगलं वर आलं, समुद्रावर चमचम पसरली, तरी सासूबाई उठेनात. टिटवी आधी उठून बाहेर आली होती. खोक्यावर बसून ती दार अडवून राहिली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजत बोलत होती. जावयाने काचेतून आत डोकावलं. यंत्र संथ चाललं होतं आणि त्याच्या तालावर राखाडी शाल वर जात होती, खाली येत होती.

फोन वाजला तसा तो लांब पळाला, कठड्यापर्यंत, आणि मग उचलला.

"आई कशी आहे?" बायकोने विचारलं.

"झोपलीय."

"अजून?" ती घाबरून म्हणाली. "ती तर पहाटेच उठते!"

"अजून," तो म्हणाला. "छान झोपलीय. उठवायचं नाही म्हणून दारात पहारा बसलाय."

 पलीकडून बायकोने सोडलेला मोठा सुस्कारा त्याला ऐकू आला.